बेसा साइट: करणी (गवंड्याचं माल लावायचं हत्यार) हातात देण्याच्या नोंदी

11 नोव्हेंबर 2024, सोमवार

स्लॅबखालच्या बल्ल्या काल निघाल्या. घर दादाचं, देखरेख माझी. गेल्या सहा महिन्यांत आमच्या दोघांत जे बोलणं झालं ते बहुतेक पायाच्या खर्चावरून. नागपूरच्या बेसा भागातली काळी माती. साडेसहा फूट खाली गेलो तेव्हा कुठं मुरूम लागला. दादा अजून म्हणतो, "तेवढ्या पैशात अर्धा मजला चढला असता." पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी माती त्याला कितीदा समजावली, पण जमिनीत गेलेला पैसा माणसाला दिसत नाही.

आता विटकाम. कॉलम-बीम उभे आहेत, मधल्या भिंती भरायच्या. बाहेरच्या नऊ इंची, आतल्या साडेचार. वीट फ्लाय अ‍ॅशची, 9 × 4 × 3. वहिनींना लाल वीट हवी होती. एका भट्टीवर जाऊन दोन विटा एकमेकींवर आपटून पाहिल्या. खण्ण वाजायला हवं तिथं ढब वाजलं. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख दारात पडली असताना ही कच्ची वीट लांबून कशाला आणायची? विषय मिटला.

अडचण माणसांची. मिस्त्री एकच मिळाले, पवनीकडचे, साठीच्या घरातले. मी काका म्हणतो. मजुरांच्या ठिय्यावर सकाळी सात वाजता उभं राहिलं की कुली पाहिजे तेवढे, रेजा (मजूर बायका) पाहिजे तेवढ्या, मिस्त्री मात्र दोन-तीन आणि तेही आधीच ठरलेले. काकांना विचारलं, नवे मिस्त्री कुठं गेले? म्हणाले, "नवे झालेच कुठं भाऊ? करणी कोण देते पोट्ट्याच्या हातात?"

खरं आहे. काम ब्रासवर, म्हणजे झालेल्या मापावर, घेतलेलं असतं. शिकाऊ पोराची वाकडी भिंत पाडायची तर विटा, सिमेंट-रेतीचा माल, दिवस सगळं मिस्त्रीच्या अंगावर. म्हणून पोरगा सहा-सहा वर्षं घमेलं उचलतो आणि कुलीचा कुलीच राहतो.

रात्री दादाकडे पाचशे विटा आणि पंधरा दिवस मागितले. "माझ्या घरावर पोरं शिकवतोस?" म्हणाला. घरावर नाही, मागच्या मोकळ्या जागेत, असं सांगितल्यावर गप्प बसला. होकार समजतो.

14 नोव्हेंबर, गुरुवार

चौघं आले होते, तीन ठेवले. चौथ्याच्या आधार कार्डावर सतरा वर्षं निघाली. "दोन महिन्यांनी अठरा होतो सर," म्हणाला. दोन महिन्यांनी ये म्हटलं. चेहरा पाहवत नव्हता, पण परांचीवर चढवायचं काम आहे.

या वहीत साइटवरच्या हाकाच लिहितो.

लंबू: उमरेडकडचा, बावीस वर्षांचा. चार वर्षं कुली. अंगात ताकद, डोक्यात घाई.

डावऱ्या: इथलाच, बारावी अर्धवट सोडलेला. डावखुरा. काकांनी पहिल्याच तासाला विचारलं, "काऊन बे, उजव्या हातानं नाही जमत?" तो नाही म्हणाला आणि विषय तिथंच राहिला.

ताई: गोंदियाकडची रेजा, सात वर्षं माल कालवतेय. ती शिकायला आली नव्हती. काकांच्या हाताखाली नेहमीचीच म्हणून आली होती. मीच विचारलं, करणी धरणार का? तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी आभाळाकडे.

16 नोव्हेंबर, शनिवार

हत्यारं आणली. करणी तीन (पुण्याकडचे हिला थापी म्हणतात, इथं थापी मागितली की सेंट्रिंगवाला लाकडी फळी आणून देतो), विटा तोडायच्या बसुली दोन, ओळंबे तीन, सुताची दोरी, गुण्या, पाणीपातळीची पारदर्शक नळी.

एक गोष्ट मी स्वतः बनवली: गेज पट्टी. सरळ सागवानी पट्टी घेऊन तिच्यावर दर 84 मिमीला करवतीनं खाच मारली. वीट 75, सांधा 9. पंचवीस थर झाले की बरोबर 2100 मिमी, म्हणजे दार-खिडकीवरच्या लिंटेलच्या तुळईची खालची बाजू. काकांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. त्यांना तिची गरज नाही, त्यांचा अंगठाच पट्टी आहे. पण अंगठा उसना देता येत नाही.

18 नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. सिमेंट नाही. पायातून निघालेल्या मातीत थोडा मुरूम मिसळून गारा केला आणि त्यात शिकाऊ भिंत सुरू केली, म्हणजे पाडली तरी विटा धुऊन परत वापरता येतात.

काकांची शिकवण्याची रीत अशी: स्वतः दहा विटा लावतात आणि म्हणतात, "असं." मी म्हटलं, काका, असं म्हणजे कसं ते सांगा ना. त्यांनी परत दहा विटा लावल्या. "असं."

मग मी बाजूला उभा राहून त्यांच्या हाताकडे पाहत बसलो आणि जे दिसलं ते पोरांना सांगत गेलो. माल करणीवर घेतात तो भाकरीच्या उंड्याएवढा, जास्त नाही. भिंतीवर टाकताना करणी पुढे ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात, त्यामुळं माल लांब पट्टीसारखा पडतो. मग करणीच्या टोकानं मधोमध एक उथळ चर. वीट ठेवली की माल त्या चरात सरकतो आणि वीट बसते. वीट बसण्याआधी तिच्या डोक्याला माल लावतात, उभा सांधा भरावा म्हणून. शेवटी करणीच्या दांड्यानं दोन ठोके, एक मधे, एक जरा पुढे. बाहेर आलेला माल एका फटक्यात कापून पुन्हा पाटीत. सगळं मिळून पाच-सहा सेकंद.

काका ऐकत होते. म्हणाले, "मी असं करतो?"

लंबूनं दीड तासात चाळीस विटा लावल्या. उभे सांधे सगळे रिकामे, आरपार उजेड दिसत होता. डावऱ्याच्या सतरा. ताईनं अजून करणी घेतलेली नाही.

19 नोव्हेंबर, मंगळवार

आज मालाचा धडा, आणि तो ताईनं दिला.

सिमेंटची 50 किलोची गोणी म्हणजे सव्वा घनफूट. तेवढ्याच मापाचा लाकडी फर्मा आहे. नऊ इंचीला एक गोणी आणि सहा फर्मे रेती, साडेचारला चार फर्मे. हे मी सांगितलं. मग एका ग्लासात ओली रेती काठोकाठ भरून वरून पाणी ओतलं. रेती खाली बसली, ग्लास जवळजवळ पाव रिकामा. पोरं चकित. ओली रेती फुगते, म्हणून तिचे सहा फर्मे म्हणजे खरे सहा नसतात. तेवढी वाढवून घ्यायची, नाहीतर सिमेंट फुकट जातं.

हे झालं पुस्तकातलं. पाणी किती, ते मात्र मला सांगता येईना. ताई म्हणाली, "फावडं ऐका ना भाऊ." माल कोरडा असला की फावडं खरवडल्यासारखं खर्र वाजतं. पाणी जास्त झालं की चपचप. बरोबर झालं की आवाज जवळजवळ येतच नाही, फावड्याची पाठ फिरवली की मालावर चकाकी येते आणि ती लगेच जात नाही. तिघांनी डोळे मिटून ऐकलं. मीही. अठ्ठावीस वर्षं साइटवर आहे, हे कान माझ्याकडे नव्हते.

माल कालवला की दोन तासांच्या आत संपवायचा. सुकायला लागलेल्या मालात परत पाणी मारणं बंद. यावर काकांची माझी थोडी झाली. "आमी जिंदगीभर मारलं," म्हणाले. मी म्हटलं, माझ्या साइटवर नाही.

उद्या मतदान, साइट बंद. लंबू आजच गावाला गेला.

22 नोव्हेंबर, शुक्रवार

शिकाऊ भिंतीचा कोपरा. नऊ इंचीला इंग्लिश बॉन्ड: एक थर लांबीत, वरचा थर आडवा. सरळ भिंतीत पोरांना लगेच कळतं. कोपऱ्यावर अडकतात. आडव्या थरात कोपऱ्याची वीट ठेवली की पुढं सांध्यावर सांधा यायला लागतो. तो मोडायला कोपऱ्याच्या विटेनंतर एक उभी चिरलेली वीट घालायची, दोन इंच रुंदीची. मग वरचा-खालचा सांधा पाव विटेनं सरकतो आणि पुढं भिंतभर सरकलेलाच राहतो.

फ्लाय अ‍ॅशची वीट उभी चिरणं म्हणजे बसुलीची परीक्षा. लंबूनं अकरा विटांचा चुरा केला. डावऱ्यानं आधी चारही बाजूंनी हलक्या ठोक्यांनी रेघ पाडली, मग एक ठोका. दुसऱ्याच विटेला जमलं. काकांनी ती चिरलेली वीट उचलून उन्हात धरली, काही बोलले नाहीत, पण लंच टाइमला स्वतःच्या डब्यातली झुणक्याची वाटी त्याच्याकडे सरकवली.

त्याच्या डावखुरेपणाचा फायदाही दिसला. उजवा माणूस डावीकडून उजवीकडे चालतो, तो उलट. एका दोरीवर दोघं दोन टोकांकडून निघून मधे भेटतात, कोपराला कोपर लागत नाही.

23 नोव्हेंबर, शनिवार

विटा भिजवण्यावरून गोंधळ. काका लाल विटेत वाढलेले. लाल वीट टाकीत तासन्‌तास बुडवायची, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते. त्यांनी सकाळी सवयीनं फ्लाय अ‍ॅशच्या दोनशे विटा टाकीत टाकल्या. लावायला घेतल्या तर वीट मालावर पोहायला लागली. चौथा थर ठेवला की दुसरा सरकतो. फ्लाय अ‍ॅशला नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं. काका हसले, "म्हातारपणी मीच कुली झालो." उरलेल्या विटा उन्हात मांडल्या.

24 नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. माझी जुनी जीप होती म्हणून सगळ्यांना मनसरला नेलं. जबलपूर रोडनं तासाभराचा रस्ता. हिडिंबा टेकडीवरचं वाकाटकांच्या काळातलं विटांचं बांधकाम. ताई पोरीला घेऊन आली होती, पोरगी पायऱ्यांवर वरखाली धावत होती.

तिथली वीट आपल्या विटेपेक्षा बरीच मोठी. लंबूनं मोबाइल काढला. डावऱ्या एका भिंतीजवळ उकिडवा बसला आणि थर मोजायला लागला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सर, यानं पण सांध्यावर सांधा नाही ठेवला." दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दल त्यानं "यानं" म्हटलं, जणू तो आत्ता जेवायला गेलाय.

येताना रामटेक फाट्यावर चहा.

27 नोव्हेंबर, बुधवार

शिकाऊ भिंत तिसऱ्यांदा पाडली. आज ताईनं करणी घेतली.

कुणी सांगितलं नाही. काका बिडी प्यायला गेले होते, तिनं त्यांची करणी उचलली आणि लंबूच्या अर्धवट थरावर सहा विटा लावल्या. मालाचा थर पहिल्याच विटेला नीट, कारण माल तिच्या ओळखीचा. वीट ठेवताना मात्र हात थरथरत होता. काका परत आले, पाहिलं, आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईच्या हातात करणी पाहून लोक हसतील नं."

ती म्हणाली, "हसू द्या. पण काका, मी लावलं तर हजेरी कोणती लावता? रेजाची का मिस्त्रीची?"

प्रश्न त्यांना नव्हता, मला होता. आमच्याकडे मिस्त्रीची हजेरी, म्हणजे रोजी, रेजाच्या दुपटीच्या जवळ जाते. मी म्हटलं, उद्यापासून जेवढा वेळ करणी तेवढा वेळ मधली हजेरी, तिघांनाही. म्हणाली, "वहीत लिहा." हे लिहिलं.

2 डिसेंबर, सोमवार

खऱ्या भिंतीवर आलो. पूर्वेकडची, नऊ इंची. कॉलमच्या बाजूंना आधी छिन्नीनं टाचे मारून घेतले, गुळगुळीत काँक्रीटला माल धरत नाही.

पहिला थर काकांनी लावला. यात तडजोड नाही, पहिला थर चुकला की बाकीचे चोवीस त्याची चूक वाहतात. कोपरे काकांचे, मधलं पोरांचं. दिवसाला दीड मीटरच्या वर चढायचं नाही, ओल्या मालावर वजन आलं की खालचा सांधा दबतो. लंबूला हा नियम अजिबात आवडत नाही.

रोजची विटांची मोजणी: काका 540, लंबू 210, डावऱ्या 160, ताई 90 (अर्धा दिवस).

4 डिसेंबर, बुधवार

पाडली.

लंबूच्या वाट्याची भिंत, सोळा थर. संध्याकाळी ओळंबा लावला. ओळंब्याच्या दोरीला वर एक लाकडी गट्टू असतो, ओळंब्याच्याच जाडीचा. गट्टू वरच्या विटेला टेकवायचा आणि लंगर (दोरीचं वजन) खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर लंगर खालच्या विटेला लागतो न लागतो, मधून एक कागद जेमतेम जावा. लागून घासला तर भिंत आत झुकली, लांब राहिला तर बाहेर. तीन मीटर उंचीला 6 मिमीपर्यंत चालतं. इथं दीड मीटरच्या आतच 19 मिमी निघालं.

लंबूनं ओळंबा दर तिसऱ्या थराला लावलाच होता. पण लंगर हलत असतानाच वाचला. मी विचारलं, थांबेपर्यंत का थांबला नाहीस? "तेवढ्यात पाच विटा होतात सर."

काका म्हणाले, "प्लास्टरमध्ये मारून घेऊ भाऊ, दीड इंच चढवला की दिसत नाही." असं नागपूरभर चालतं. मी नाही म्हटलं. दीड इंच प्लास्टर स्वतःच्या वजनानं सुटतं, मे महिन्याच्या उन्हात तर नक्कीच. लंबूला बसुली दिली आणि वरचे बारा थर उतरवायला सांगितले. माल कालचा-आजचा, विटा सुटून आल्या. तो एकटाच उतरवत होता, कान लाल. मग डावऱ्या न बोलता विटा घासायला बसला. मग ताईची पोरगी, तिला तो खेळ वाटला.

दादा नेमका तेव्हाच आला. "हे काय?" म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या पाचशे विटा. तो आत गेला, पाच मिनिटांनी येऊन म्हणाला, "चहा सांगतो सगळ्यांना."

6 डिसेंबर, शुक्रवार

महापरिनिर्वाण दिन. डावऱ्या सकाळी संविधान चौकात जाऊन आला, दुपारपासून कामावर. लंबूनं परत भिंत उचलली. लंगर थांबेपर्यंत मोठ्यानं आकडे म्हणतो, एक दोन तीन, आणि सगळी साइट हसते. पण 3 मिमी निघालं.

11 डिसेंबर, बुधवार

रेतीचा दुसरा ट्रक. पहिली कन्हान नदीची होती, स्वच्छ. ही कुठली ते ट्रकवाला सांगेना. बाटलीत रेती, पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवली आणि ठेवली. रेती 100 मिमी बसली, वर गाळ 12 मिमी. आठ टक्क्यांच्या वर असेल तर विटकामाला नको. परत न्यायला तो तयार नव्हता, पैसे कापून ठेवून घेतली, प्लिंथ भरायला जाईल. आता बाटलीची जबाबदारी डावऱ्याची. त्यानं बाटलीवर मार्करनं रेघा आखल्यात.

16 डिसेंबर, सोमवार

आजपासून विधिमंडळाचं अधिवेशन. रेती आली नाही. ड्रायव्हर म्हणाला बंदोबस्त आहे, खरं-खोटं त्यालाच ठाऊक. काम आतल्या साडेचार इंचीवर वळवलं. ती भिंत पातळ, एकाच विटेच्या रुंदीची, म्हणून तीन-तीन फुटांवर काँक्रीटची पट्टी आणि तिच्यात दोन सळ्या. पट्टीच्या दिवशी भिंत पुढं चढत नाही, तेव्हा पोरं क्युरिंग करतात. हिवाळा असला तरी इथली हवा कोरडी. बारदाना लावून सात दिवस पाणी, सकाळ-संध्याकाळ. सकाळच्या पाण्याला कुणीच तयार नसतं, हात गारठतात. शेकोटीभोवती आधी भांडण, मग पाणी.

19 डिसेंबर, गुरुवार

ही नोंद माझ्यावर आहे.

पश्चिमेची भिंत दोन कोपऱ्यांकडून चढत होती. दक्षिणेचा कोपरा लंबूकडे, उत्तरेचा डावऱ्याकडे, काकांनी आता कोपरे सोडलेत. दहाव्या थराला दोन कोपऱ्यांत दोरी ताणली आणि स्पिरिट लेव्हल धरली तर बुडबुडा पार एका बाजूला. डावऱ्याचा कोपरा 17 मिमी वर.

मी त्याला बोललो. सगळ्यांसमोर बोललो. सांधे जाड केलेस, गेज पट्टी काय शोभेला दिली आहे का, असं बरंच. तो काही बोलला नाही. पट्टी आणली, भिंतीला लावली. दहाच्या दहा खाचा विटांच्या वरच्या कडेला तंतोतंत. मग लंबूच्या कोपऱ्याला लावली, तीही बरोबर. मग तो खाली बसला आणि कॉलमवरच्या लाल पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवलं.

खूण माझी. दोन तारखेला पाणीपातळीनं मीच मारलेली. नळी काढून उजेडात धरली. मधोमध वेटोळ्यात हवेचा बुडबुडा, करंगळीच्या पेराएवढा. नळीत हवा राहिली की दोन्ही टोकांचं पाणी एका पातळीला येत नाही, हे मी शिकाऊ असताना मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मी नळी भरताना घाई केली होती. पाच विटांची.

माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. डावऱ्या म्हणाला, "होते नं सर." लंबूनं मोठ्यानं एक दोन तीन म्हटलं. साइट हसली, मीही हसलो, पण घरी येईपर्यंत ते हसणं माझ्यासोबत होतं.

पाडायची का? पोरांचा प्रश्न बरोबर होता: लंबूची 19 मिमीला पाडली, तुमची 17 ला का नाही? काकांनी उत्तर दिलं, आणि मी ऐकलेलं त्यांचं हे सगळ्यात लांब बोलणं. "त्याची भिंत झुकली होती, ते वरवर वाढतच जाते. ही झुकली नाही, नुस्ती एका अंगानं उंच झाली. खिडकीखाली पट्टी येते नं? पट्टी इकडून तीन इंच, तिकडून पावणेचार. वरून पुन्हा एक लेव्हल." सिल लेव्हलची काँक्रीट पट्टी तो फरक पोटात घेते आणि वर नवी सुरुवात मिळते. मी कागदावर तपासलं, बरोबर होतं.

नळी आता भरतो डावऱ्या. भरून झाली की दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पाणी जुळतं का ते पाहतो, मगच देतो.

27 डिसेंबर, शुक्रवार

ताईच्या बोटांची साल निघाली. सिमेंटचं पाणी चावतं, आणि सात वर्षं फावडं धरणाऱ्या हातापेक्षा करणी धरणाऱ्या बोटांना जास्त. रबरी मोजे आणून दिले, म्हणाली मोज्यात वीट कळत नाही. तोड निघाली: उजव्या हातात मोजा, विटेच्या हातात नाही, रात्री खोबरेल. कालपासून ती पूर्ण दिवस करणीवर. मालाला नवीन कुली ठेवला आहे आणि ती त्याला दिवसभर "फावडं ऐक" म्हणून पिडते.

मोजणी: काका 520, लंबू 380, डावऱ्या 310, ताई 290. ताईचे उभे सांधे सर्वांत भरलेले. काकांचेही तितके नसतात, पण हे फक्त वहीत.

8 जानेवारी 2025, बुधवार

बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीचे अर्ज. अठरा ते साठ वय आणि गेल्या वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. माझ्या साइटचे त्यांचे दिवस नव्वद होत नाहीत. लंबू आणि ताईचे आधीच्या साइटवरचे धरले तर सहज होतात, पण आधीच्या ठेकेदारांकडे वहीच नाही. ताईनं सात वर्षं काम केलं आणि त्यातला एकही दिवस कागदावर नाही. दाखला लिहिताना माझ्या साइटचेच दिवस लिहिले, तारखांसह. खोटे लिहा म्हणून कुणी मागितलंही नाही. व्यवसायाच्या रकान्यात लंबू-डावऱ्यासमोर "गवंडी" लिहिलं. ताईनं वाकून वाचलं. "माझं रेजा आहे?" नव्हतं, अजून लिहिलंच नव्हतं. तिच्यासमोर लिहिलं.

14 जानेवारी, मंगळवार

संक्रांत. वहिनी सकाळीच तीळगूळ घेऊन साइटवर. दुपारनंतर काम नाही, आभाळभर पतंग आणि स्लॅबवर सगळी पोरं. मांजा ओळंब्याच्या दोरीत गुंतला, ती कापावी लागली. परांचीवरून पतंग उडवायचा नाही एवढं एक बजावलं.

तो सतराचा पोरगाही आला होता. वाढदिवस झाला म्हणे. आधार कार्ड सोबत घेऊनच आला.

20 जानेवारी, सोमवार

बीमखालचा शेवटचा थर. हा मुद्दाम मागं ठेवला होता. भिंतीतला माल सुकताना थोडा बसतो, लगेच बीमला भिडवली की आठवड्याभरात वर केसाएवढी फट दिसते. आता बारा दिवस झाले.

वरून जागा नाही, विटा बाजूनं सरकवायच्या, माल ठासून भरायचा, करणी जेमतेम आत जाते. काका परांचीवर चढायला निघाले. गुडघ्यावर हात ठेवला, एक पायरी चढले, आणि उतरले. करणी ताईच्या हातात दिली. "तुझा हात लहान आहे, जाईल आत." ती वर गेली. खाली नवीन पोरगा घमेलं देत होता, पाच विटांनंतर वरून आवाज आला, "माल पातळ झाला रे, फावडं नाही ऐकलं का?"

दोन तासांत पूर्वेची भिंत बंद. खालून करणीचं टोक घालून पाहिलं, कुठं शिरत नाही.

उद्या: दोन दारांच्या चौकटी भिंतीत धरून ठेवणारे होल्डफास्ट बसवायचे आहेत. चिकन मेश (तारेची जाळी) 40 फूट, कॉलम आणि भिंतीच्या सांध्यांवर प्लास्टरच्या आधी मारायला. नवीन करणी एक. शिकाऊ भिंतीसाठी गारा भिजवून ठेवायला लंबूला सांगितलं आहे, नवा पोरगा सकाळी आठला येतो.